बर्फातली सिंगल बेल

वारंगा फाट्यावर चहाला थांबलो की कुणी ना कुणी विचारतंच, "राठोड, तिकडं थंडी किती व्हती हो?" मी सांगतो, "नाकातले केस काड्यांसारखे मोडायचे." लोक हसतात, चहा संपतो, ज्याची त्याची गाडी लागते. खरं म्हणजे थंडीबद्दल सांगण्यासारखं तेवढंच आहे. थंडीला काय घाबरायचं, अंगावर आणखी एक घोंगडं ओढलं की झालं. मी घाबरलो ते दुसऱ्याच गोष्टीला. ती एका चहात सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी बत्तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होतो. एकही अपघात नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की कमला, माझी बायको, म्हणते, "यांच्या तिरडीवर बी हेच लिहा." आमची एकुलती एक लेक रेखा नर्स आहे. नॉर्वे नावाच्या देशात, अगदी वरच्या टोकाला, समुद्रकाठच्या एका गावात म्हाताऱ्यांच्या आश्रमात ती काम करते. जावई बोटीवर, महिना महिना बाहेर. रेखाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू नको म्हटलं, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. कमलाच्या गुडघ्यांनी नकार दिला. राहिलो मी. सगळा तांडा हसला. "बाळंतपणाला बाप चालला!" हसणाऱ्यांना हसू दिलं आणि आमच्या शेजारच्या कुरुंद्याची हळद, डिंकाचे लाडू, शेपा, ओवा आणि ज्वारीचं पीठ बॅगेत भरून निघालो.

समुद्राची वाफ

पहिल्या सकाळी खिडकीचा पडदा सरकवला आणि क्षणभर वाटलं, कुरुंद्यालाच आलो की काय. होळीच्या आगेमागे तिकडे हळद शिजवायला लागतात, तेव्हा शेताशेतात कढयांवर वाफेचे ढग उभे राहतात. इथे सगळा समुद्र तसा वाफाळत होता. रेखा म्हणाली, पाण्यापेक्षा हवा गार असली की असं होतं. ते पटलं, पण बरं वाटलं नाही. हळदीच्या वाफेला वास असतो, भोवती माणसांचा गलका असतो. इथे वास नाही, आवाज नाही. त्या वाफेतून एखादी होडी निघायची, सरकत जायची आणि पुन्हा वाफेत शिरायची. आत माणूस आहे की नाही, ते कधी कळायचं नाही.

गाव म्हणजे तीस-चाळीस लाकडी घरं. पाठीला डोंगर, पुढे पाणी. मधल्या पट्टीत लाकडी मांडव, आणि त्यांच्यावर हजारो मासे, दोन दोन शेपट्या बांधून वाळत टांगलेले. मुंडक्यांचा मांडव वेगळा. वारा आला की सगळी मुंडकी एकदम एका अंगाला वळायची, कुणी हाक मारल्यासारखी. दोन दिवसांनी मी त्या वाटेने एकट्याने जायचं सोडलं. रेखाला सांगितलं, गुडघा दुखतो.

शेजारी इंगा नावाची बाई राहायची. सत्तरीची, ताठ, कमी बोलणारी. तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत आणि तिथून मागच्या लाकडाच्या खोपीपर्यंत जाड दोर बांधलेला होता. अंतर किती, तर आमच्या तांड्यातल्या दोन अंगणांएवढं. मी थट्टा केली, "म्हातारीला वाट गावत न्हाई व्हय दारातली?"

रेखा हसली नाही. घरात आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, इथे आपलं मराठीत लिहितो. ती म्हणाली, "बापू, तिचा मालक दुपारी लाकडं आणाया गेला व्हता. वावटळ आली. बर्फ वितळल्यावर घावला. खोपीच्या पाठीमागंच."

त्या रात्री इंगाकडे जेवण होतं. ताजा मासा, त्याचं काळीज, गाभोळी आणि उकडलेले बटाटे. मीठ सोडलं तर मसाल्याचं नावही नाही. मी खिशातून हळदीची पुडी काढली, तेलात चटका दिला आणि माशावर घातली. इंगाने घास घेतला, डोळे मिटले, आणि ताट पुढे करून आणखी मागितली. मग मला चेव आला. मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. रेखा दुभाषी.

गोष्ट अशी. वीसेक वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात मी हिंगोलीकडे गाडी घेऊन येत होतो. उत्तम कांबळे कंडक्टर. एका फरशी पुलावरून पाणी चाललेलं. मी म्हणालो, "उत्तम, उतर, बघ किती हाय." उत्तम उतरला, चार पावलं गेला आणि गेला की वाहून! पन्नास पावलांवर एका बाभळीला लटकला. लोकांनी दोर टाकून ओढला. वर आल्यावर पाहतो तर तिकिटाची पेटी गळ्यात तशीच, आणि चड्डीत काटेच काटे. या ठिकाणी लोक हमखास पोट धरून हसतात.

इंगा हसली नाही. तिने रेखाला काहीतरी विचारलं. रेखा म्हणाली, "ती इचारून राहिली, तो माणूस काय म्हणतो? त्याला कधी इचारलं का?"

मी म्हणालो, "त्यात काय इचारायचं?" आणि बटाटा सोलायला घेतला.

अवस

रेखाला अजून तीन आठवडे होते. दवाखाना शहरात, डोंगरापलीकडे, दोन तासांवर. मंगळवारी सकाळी इंगा दोर धरून आली. म्हणाली, समुद्रातून वादळ उठतंय, पोरीला आजच शहरात नेऊन ठेवा. रेखाच्या फोनवरही हवामानाचा इशारा पिवळ्या रंगात आलेला होता. बाहेर मात्र लख्ख ऊन.

तेवढ्यात कमलाचा फोन. "आज अवस हाय. अवसेला भारी पायाची लेक घराबाहेर काढू नका."

आता मी बत्तीस वर्षांत प्रत्येक अवसेला गाडी चालवली आहे. ड्रायव्हरला कुठली अवस? पण लेकीची गोष्ट आली की माणसाची अक्कल गहाण पडते. त्यात ऊन बघून मला इंगाची चेष्टा करायचा सूर लागला. "एवढ्या वाऱ्याला आमी पंखा म्हणतो," मी म्हणालो. "परवा जाऊ." रेखाने माझ्याकडे पाहिलं. बापाचा शब्द मोडायची तिला सवय नाही, आणि ती सवय मीच लावलेली.

दुपारनंतर मासे वाजायला लागले. वाळलेले मासे वाऱ्याने एकमेकांवर आपटले की लाकडासारखे खडखडतात. संध्याकाळी आवाज थांबला. वाटलं, वारा पडला. खिडकीतून पाहिलं, तर मांडवच दिसत नव्हते. बुधवारभर काहीच दिसलं नाही. फोनवरचा पिवळा रंग नारिंगी झाला, मग लाल.

गुरुवारी सकाळी रेखाच्या पोटात दुखू लागलं.

फाटक

दवाखान्यातून सांगितलं, हेलिकॉप्टर उडणार नाही. डोंगरातला रस्ता बंद आहे. दहा वाजता बर्फ लोटणारी गाडी निघेल, तिच्या मागे मागे या. रुग्णवाहिका पलीकडच्या फाटकाशी उभी असेल.

इंगाने स्वतःची गाडी काढली. मी पुढे तिच्या शेजारी बसलो, रेखा मागे उशांत. गावाबाहेर रेल्वेसारखं फाटक होतं. तिथे ती लोटणारी गाडी उभी, समोर घरभर रुंदीचं लोखंडी फावडं, डोक्यावर पिवळा दिवा. तिच्या मागे एक ट्रक. त्याच्या मागे आम्ही, शेवटचे. नारिंगी कपड्यातला एक माणूस खिडकीशी आला, आत वाकून बोटाने आम्हाला मोजलं आणि तीन बोटं वर करून स्वतःशीच मान हलवली. मग नियम सांगितले. कळ थांबली की रेखा मला सांगायची.

"पुढच्याचा लाल दिवा सोडायचा न्हाई. दिवा दिसंना तर जागच्या जागी थांबायचं. खाली उतरायचं न्हाई, बापू. काहीबी झालं तरी उतरायचं न्हाई. तो मोजतो अन् माघारी येतो."

माझे आजोबा लदेणीच्या गोष्टी सांगायचे. बैलांवर मीठ लादून तांडा निघाला की नायक मुक्कामावर शेवटचा बैल आल्याशिवाय पाणी पीत नसे. मला ते आठवलं, आणि या नारिंगी माणसाबद्दल विश्वास वाटला. म्हणजे वरवर वाटला.

फाटक उघडलं. पहिले दोनेक मैल ट्रकचे लाल दिवे दिसत होते. रस्त्याच्या कडेला रोवलेल्या उंच काठ्या एकेक करून यायच्या आणि जायच्या. मग डोंगराचं वळण आलं आणि समुद्राचा वारा बाजूने लागला. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगात डोकं घातलं तर जे दिसेल ते दिसू लागलं. सकाळचे साडेदहा, चांगला उजेड, आणि त्या उजेडात काहीही नाही. आभाळ नाही, रस्ता नाही, गाडीचं बॉनेट नाही. गाडी चालली आहे की उभी आहे, हे मला, बत्तीस वर्षांच्या ड्रायव्हरला, सांगता येईना. मधेच वाटायचं, आपण मागे मागे जातो आहोत.

लाल दिवे गेले.

इंगाने गाडी थांबवली, चारी दिवे लुकलुकते केले आणि हात मांडीवर ठेवले. बाई देवळात बसावी तशी बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वारा गाडीला धरून हलवत होता. मागून रेखाचा बारीक आवाज आला, "बापू, पाणी गेलं."

माझा हात दाराकडे गेला. आमच्याकडे धुकं दाटलं, पुलावर पाणी आलं, तर कुणीतरी उतरतं, पुढे चालतं, मागून गाडी. हीच पद्धत. ट्रक दहा पावलांवर असेल, दिवा तेवढा हेरायचा आणि इंगाला हात करायचा. इंगाने माझी बाही पकडली. "नाय," ती म्हणाली. त्यांच्या भाषेतही नाहीला नायच म्हणतात. मी बाही सोडवली. जित्याची खोड, दुसरं काय.

दहा पावलं

बॉनेटवर हात ठेवून पुढे गेलो. बॉनेट संपलं. हात सोडला आणि पावलं मोजली. सहाव्या पावलाला समोर लाल दिसलं. धावलो. ती रस्त्याकडेची काठी होती, टोकाला लाल चिकटपट्टी. तिच्या पलीकडे अजून लाल असेल म्हणून आणखी चार पावलं गेलो. काही नव्हतं. वळलो.

गाडी नव्हती. लाल काठीही नव्हती. माझ्या पावलांचे ठसे नव्हते. मी ओरडलो तर माझा आवाज तोंडाजवळच मेला. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच पांढरं. आणि त्या पांढऱ्यात कुणीतरी उभं आहे असं वाटू लागलं, पाठीशी, हाताच्या अंतरावर. वळलो की ते पुन्हा पाठीशी. मला इंगाच्या मालकाची आठवण झाली. खोपीच्या पाठीमागंच, रेखा म्हणाली होती.

मग हॉर्न ऐकू आला. दोनदा. रेखा लहानपणी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून यायची, बेलची भाषा तिला पाठ. दोन म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. पुन्हा दोनदा. पण तो आवाज चहूबाजूंनी यायचा. मी एक बाजू पक्की धरली आणि निघालो. एक पाऊल. दोन. तीन.

टण.

एकदाच. अगदी कानाशी, डोक्याच्या जरा वर, जिथे कंडक्टरची बेल आमच्या जुन्या गाड्यांत असायची तिथेच. जराशी दबकी, पावसात बेलची दोरी भिजल्यावर वाजते तशी.

माझा उजवा पाय खाली दाबला गेला. बत्तीस वर्षांचा पाय तो, सिंगल बेल वाजली की ब्रेकवर जातो, मला विचारत नाही. मी जागीच खिळलो. मग डावा पाय हळूच पुढे टाकून चाचपला. खाली काही लागलं नाही. आणखी खाली नेला. काहीच नाही. पायाखालचा एक तुकडा सुटला आणि पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी गुडघ्यांवर बसलो. हॉर्न पुन्हा दोनदा वाजला, आणि या वेळी तो पाठीमागे होता, स्पष्ट. रांगत गेलो. हाताला टायर लागला.

इंगाने कॉलर धरून आत ओढलं आणि फाडकन माझ्या मुस्काटात दिली. आईनंतर मला कुणी मारलं नव्हतं. बरं केलं तिने. ती मला शोधायला उतरली असती, तर माझ्या लेकीला त्या पांढऱ्यात एकटीला बाळंत व्हावं लागलं असतं. मी दहा पावलांत दोन जीव पणाला लावून आलो होतो.

रेखा रडत होती. "मी मागून हात घालून हॉर्न देऊन राहिले, दोन दोन, कितींदा दिला."

"अन् एक?" मी विचारलं. "मधी एकच दिला तो?"

"एक काहून देऊ? एक म्हंजे थांब. मला तुमी यायला पायजे व्हते, बापू."

थोड्या वेळाने पांढऱ्यात पिवळा दिवा उगवला. नारिंगी माणूस काचेशी वाकला आणि बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. त्याने माझ्या डोक्यावरचा बर्फ पाहिला. आम्हाला आपल्या गाडीच्या अगदी पाठीशी घेतलं आणि निघाला.

पलीकडे रुग्णवाहिका होती. दुपारी मुलगी झाली. लाल, बारीक, आवाज मात्र खणखणीत. मी शेपांचं पाणी घेऊन दवाखान्यातल्या बाकावर बसलो आणि खूप रडलो.

त्याच वळणावर

आठ दिवसांनी बाळ-बाळंतिणीला घेऊन त्याच रस्त्याने परतलो. निळं आभाळ, इतकं स्वच्छ की राग यावा. त्या वळणावर इंगाने आपण होऊन गाडी थांबवली. लाल पट्टीची काठी होती. तिच्यापुढे बर्फाचा उतार, कठडा त्याच्या खाली पुरलेला. आठ-दहा पावलांवर तो उतार तुटला होता, आणि खाली, पाचोळ्याखाली लपलेल्या विहिरीसारखं काळं, हलतं पाणी.

मी वाजण्यासारखं काही शोधलं. फाटक, साखळी, खांब, लोखंडाचा तुकडा. काठ्या वेळूच्या होत्या. बाकी बर्फ. इंगाने विचारलं, काय शोधता? मी म्हणालो, काही नाही. तिला ते खरं वाटलं नसावं, पण तिने दोर बांधावा तसा माझा दंड धरून मला गाडीशी आणलं.

वारंगा फाटा

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी उत्तमकडे गेलो. फाट्याच्या मागेच त्याचं घर. निवृत्तीनंतर आम्ही हॉटेलात भेटायचो, घरी मी पहिल्यांदाच गेलो. "जय भीम, राठोड," म्हणून त्याने खुर्ची दिली, वहिनींनी चहा आणला. नातीचा फोटो दाखवून झाला. मग मी विचारलं, "उत्तम, त्या दिवशी फरशीवर तू उतरलास. मी उतर म्हणालो म्हणून?"

त्याने बशीत चहा ओतला. "तुमी कुठं म्हणले उतर?"

"मग?"

"मी मागून एक बेल देली. तुमी थांबले न्हाई. आणखी एक देली. तुमी गाडी घालूनच राहिले पाण्यात. मागं चाळीस माणसं, लेकरंबाळं. मंग मी पुढून उडी टाकली अन् गाडीम्होरं उभा राहिलो. म्हणलं, माणूस म्होरं असला तर राठोड ब्रेक मारतेत. येवढं मला माहीत व्हतं."

वहिनी दारातच थांबल्या होत्या.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी लई रंगवून सांगता. लोक हसायचे," तो म्हणाला. "काट्यांचं ऐकून मलाबी हसू यायचं."

आता इथे खरं लिहिलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ती बेल मला त्या दिवशी ऐकू आली होती. दोन्ही वेळा. पाणी आणखी चढायच्या आत पलीकडे निघून जाऊ, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि मी न ऐकल्यासारखं केलं. नंतर गोष्ट सांगता सांगता मी ती बेल त्यातून काढून टाकली, आणि "उतर, बघ" हे वाक्य घातलं. इतक्या वर्षांत ते मलाच खरं वाटू लागलं होतं.

मी उत्तमला बर्फातलं सगळं सांगितलं. तो बशी हातात धरून ऐकत होता.

"आपल्याच गाडीची बेल?" त्याने विचारलं.

"आपल्याच. दोरी भिजलेली."

उत्तमने बशी खाली ठेवली. हाताकडे पाहिलं, दोरी ओढायचा तो हात.

"थांबले न तुमी?"

"थांबलो."

"मंग झालं," तो म्हणाला. "चहा घ्या, निवून चालला."